रोजचा ताण: तुम्हाला कशावरून कळला?

बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली, तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अडीचला अजूनही जाग येते आणि कुठला तरी ताळेबंद जुळत नसल्याची रुखरुख काही क्षण राहते. हे पत्नीला सांगितल्यावर ती हसली आणि मग तिने स्वतःचे असेच काही सांगितले. त्यावरून कोल्हापूर परिसरातल्या परिचितांना लिहिण्याची विनंती करावी असे वाटले. आजारपण, मृत्यू अशा मोठ्या प्रसंगांविषयी नव्हे, रोजच्या ताणाविषयी लिहावे. प्रश्न दोनच आहेत: ताण आला आहे हे तुम्हाला कशावरून कळले, आणि त्यावर जे केले त्यातले खरोखर काय उपयोगी पडले. फसलेले उपाय अवश्य लिहावेत.

शिरोलीहून, फौंड्रीतील सुपरवायझर

आमच्या कामात भट्टीतला धातूचा रस तयार झाला की साचे तयार असोत वा नसोत, तो कुणासाठी थांबत नाही. तरीही मला भट्टीपाशी ताण येत नाही, कारण तिथे हात चालू असतात. तो येतो घरी जेवताना मोबाइल वाजला आणि ‘आज रिजेक्शन (नापास माल) किती निघालं?’ असे कुणी विचारले की. माझे सगळे ठीक चालले आहे असेच मला वाटत होते. पण दाढ दुखली म्हणून दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा झिजलेल्या दाढा बघून त्यांनी विचारले, ‘रात्री दात खाता का?’ बायको म्हणाली, ‘मी दोन वर्षं हेच सांगते आहे.’

दातांसाठी रात्री लावायचे कवच करून घेतले, त्याने दाढा वाचल्या. मनाला फरक पडला तो एका साध्या वहीमुळे. पाळी सुटताना पाच मिनिटे थांबून मी पुढच्या सुपरवायझरसाठी लिहून ठेवतो: कुठली वाळू ओली वाटते, कुठल्या भट्टीचे अस्तर बघायला हवे, कुठल्या गिऱ्हाइकाचा माल अडकला आहे. लिहून त्याच्या हाती दिलेले काम मग माझ्यामागे दुचाकीवर बसून घरी येत नाही.

शुक्रवार पेठेतून, गृहिणी

आमचे घर पंचगंगेपासून जवळ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये तळमजल्यात पाणी आले. चौकटीवरची चिखलाची रेघ रंगाखाली गेली असली, तरी ती कुठे होती हे मी आजही बोट ठेवून दाखवू शकते. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; तिथे 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आमच्या शाळकरी मुलालाही पाठ आहे.

त्यानंतर जून लागला की मी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पातळी बघू लागले, अगदी लख्ख ऊन पडलेले असतानासुद्धा. एकदा आमटी करपून घरभर वास सुटला आणि मी हातात मोबाइल घेऊन शेगडीसमोरच उभी होते. हा ताण आहे हे मला त्या दिवशी कळले. ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येई. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘पाणी यायचं ते येणारच हाय, तू आधी तांदळाचा डबा माळ्यावर टाक.’

त्यांच्या या एका वाक्यावरून आम्ही सगळे आकड्यांत बांधून घेतले. 39 फूट झाले की कागदपत्रे, धान्य आणि मिक्सर माळ्यावर जातील. 41 ला गाडी नणंदेकडे राजारामपुरीत. आणि 43 ची वाट न बघता सासूबाईंना घेऊन आम्हीही तिकडेच. पातळी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायची, तीही माझ्या नवऱ्याने. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो, तो काही गेलेला नाही. पण पुढे काय करायचे ते ठरलेले असल्यामुळे आमटी आता करपत नाही.

सानेगुरुजी वसाहतीतून, शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

शुक्रवार पेठेतल्या ताईंचा पोटातला गोळा शास्त्राला धरूनच आहे. मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेली यांनी 1936 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, की उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्य असा कुठलाही त्रास दिला तरी त्यांच्या शरीरात बदल सारखेच होतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात आणि जठरात व्रण होतात. माणसातही धोक्याची जाणीव होताच अॅड्रिनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात आणि पचन मंदावते. धोका नदीचा आहे की फोनचा, याचा शरीर फारसा विचार करत नाही. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना घेण्यापेक्षा सोडणे लांबवा असे सांगत असे; स्वतः मात्र तोंडी परीक्षा घेताना ते हमखास विसरत असे.

रंकाळ्याजवळून, व्यापारी

फसलेला उपाय लिहितो. सकाळी रंकाळ्यावर फिरल्याने मन हलके होते, असे सगळे म्हणाले म्हणून फिरणाऱ्या काही मंडळींत सामील झालो. तासभर साखर, रक्तदाब, जागेचे भाव आणि कुणाचा जावई काय करतो, एवढेच कानावर पडे आणि मी जाताना होतो त्यापेक्षा जास्त वैतागून परत येई. मी फिरणे सोडले नाही, मंडळी सोडली.

राजारामपुरीतून, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

रात्री नऊनंतरचा चहा बंद केला. चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात हे वाचल्यावर झोप का लागत नाही ते उमगले. निकालाची काळजी आहे तिथेच आहे.

कसबा बावड्यातून, परिचारिका

वरचे सगळे मी करून बघितले होते. तीन महिने पहाटे चारला जाग येत होती, कारण नसताना रडू येत होते आणि जेवण नकोसे झाले होते. हे रोजच्या ताणाच्या पलीकडे गेले आहे हे रुग्णांच्या बाबतीत मला चटकन कळले असते, स्वतःच्या बाबतीत कळले नाही. एका रात्री ड्युटीवरून आल्यावर 14416 या टेली-मानस क्रमांकावर (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) फोन केला. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता ऐकून घेतले आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा असे स्पष्ट सांगितले. मी गेले. नातेवाइकांना मात्र ‘पित्तासाठी जाते’ असे सांगितले, याची आता थोडी लाज वाटते. डॉक्टरांनी आठ महिन्यांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. आत्या अजून भेटल्या की पित्ताची चौकशी करतात आणि जाताना आवळ्याचे सरबत हातात ठेवतात.