कोकराचा सीपीके नॉर्मल, मग पाय का ताठले?

सिमरोलकर
इंदूरजवळ सिमरोलला आमच्या वीस मेंढ्या आहेत. यंदा त्यांना वाळकं गवत आणि सोयाबीनचं भुसकट, एवढंच मिळालं. पाच आठवड्यांचं एक कोकरू, अंगानं सगळ्यांत भरलेलं, गुरुवारी वाड्यातून सोडल्यावर खूप बागडलं. संध्याकाळी मागचे पाय काठीसारखे ताठ, पाठ कमानीसारखी. उभं केलं की थरथरायचं, पण आचळाला धरलं की दूध ओढायचं. सोमवारी माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं. सीपीके (स्नायूच्या इजेची तपासणी) 160, एसजीओटी (लिव्हरसाठी बघतात ती) 640. तिथे म्हणाले, स्नायूला काही नाही, लिव्हर बिघडलंय. खरंच तसं का?

लॅबवाली_रामबाग
दादा, आधी वार बघा. इजा गुरुवारची, रक्त सोमवारचं. सीपीके काही तासांत चढतो आणि इजा थांबली की दोन-तीन दिवसांत उतरतो. एसजीओटी लिव्हरसारखं स्नायूतूनही येतं, आणि ते सावकाश उतरतं. पूर ओसरला तरी भिंतीवर पाण्याची रेघ राहते ना, तसं. त्यात कागदावरची नॉर्मलची मर्यादा माणसाची. मेंढीला तीनशेच्या आत चालतं, पण 640 तिच्या मानानंही जास्तच. लिव्हरची शंका फेडायला जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम तपासा. नुसत्या स्नायूच्या दुखण्यात ते वाढत नाही. मला तरी हे सेलेनियम (चाऱ्यातून मिळणारं खनिज) किंवा ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं वाटतं. वाळक्या चाऱ्यात ई फार उरत नाही.

महूकडचा
त्याला पळवू नका, उचलून आईजवळ न्या. यात हृदयाचा स्नायूही सापडतो, कोकरू उभ्या उभ्या जातं. सेलेनियमचं इंजेक्शन वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या. जास्त झालं तर तेच मारतं. महूच्या व्हेटरनरी कॉलेजात दाखवता आलं तर उत्तम.

सिमरोलकर
इंजेक्शन काल संध्याकाळीच डॉक्टरांनी दिलं. आता रक्त तपासून काही कळेल?

लॅबवाली_रामबाग
कळेल. सीपीके आता नको, सुई मांसात टोचल्यानंही तो वाढतो. सीरममधलं सेलेनियमही इंजेक्शननं लगेच चढलेलं दिसेल. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मागा, ते लाल पेशींतलं सेलेनियमवर चालणारं एन्झाइम. लाल पेशी तयार होतानाच सेलेनियम त्यात बसतं, म्हणून कालच्या सुईनं ते आज बदलत नाही, मागच्या काही आठवड्यांचा हिशेब देतं. हिरव्या झाकणाची हेपारिनची ट्यूब घ्या, बर्फात न्या, पण गोठू देऊ नका. आणि एकट्या कोकराचं नको. सुई न दिलेल्या चार-पाच मेंढ्यांचंही घ्या, गाभण असतील त्यांचं आधी. पोटातल्या पिल्लाला आईकडूनच मिळतं.

सिमरोलकर
सहा गाभण आहेत. उद्या पहाटे चरायला सोडायच्या आत सगळ्यांचं काढून घेतो, ताई.