साठ मिनिटांचा मसाज पन्नास मिनिटांत का संपतो?

आखडलेली_मान (प्रश्न):
मान आणि खांदे सतत आखडत असल्यामुळे मी अधूनमधून मसाज घेते. दरपत्रकावर स्पष्टपणे 'साठ मिनिटे' असे छापलेले असते. परंतु थेरपिस्टचा हात पाठीला लागल्यापासून 'आता सावकाश उठा' असे सांगितले जाईपर्यंत जेमतेम पन्नास मिनिटे झालेली असतात. वेगवेगळ्या ठिकाणी हाच अनुभव आल्यामुळे हा एखाद्या केंद्राचा कामचुकारपणा असावा, असे वाटत नाही. या व्यवसायात वेळ नेमकी कशी मोजतात? आणि पालथे पडून मसाज घेत असताना त्याच माणसाला 'वेळ पूर्ण द्याल ना?' असे विचारणे अवघड वाटते, तेव्हा हा विषय काढावा तरी कधी?

तेलकट_हात:
मी हे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बऱ्याच केंद्रांमध्ये साठ मिनिटे म्हणजे ग्राहकाने खोलीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. त्यात सुरुवातीची विचारपूस येते आणि ती टाळता येत नाही. अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, गर्भारपण आहे का, एखाद्या तेलाची ॲलर्जी आहे का, हे न विचारता दाब देणे धोक्याचे ठरू शकते. त्यानंतर कपडे बदलणे. शेवटी उठून बसणे आणि पुन्हा कपडे घालणे. बराच वेळ आडवे राहून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून काहींना चक्कर येते, त्यामुळे तिथे घाई करवत नाही. या सगळ्यात मिळून दहा मिनिटे सहज जातात.

खरी मेख मात्र पुढे आहे. प्रत्येक ग्राहकानंतर चादरी व टॉवेल बदलणे, टेबल पुसणे, हात कोपरापर्यंत धुणे आणि दोन ओळींची नोंद करणे हेही काम असते. वेळापत्रक आखणाऱ्याने दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवली असतील, तर हे काम त्या वेळात होते. दहा ते अकरा, अकरा ते बारा अशा सलग नोंदी घेतल्या असतील, तर ती मिनिटे कोणाच्या तरी तासातूनच काढावी लागतात, आणि ती तुमच्याच तासातून जातात. हा निर्णय बहुधा थेरपिस्टच्या हातात नसतो. दिवसभर अंगठे आणि मनगटे वापरणाऱ्याला त्या मधल्या वेळेची गरज स्वतःसाठीही असते, हे वेगळे सांगायला नको.

रोखठोक:
विचारपूस आणि कपडे बदलणे माझ्या वेळेत धरा, त्याला माझी हरकत नाही, कारण ते माझ्यासाठीच आहे. पण पुढच्या ग्राहकाची चादर माझ्या तासात बदलणे म्हणजे डब्यासकट वजन करून माल विकणे झाले. काही केंद्रे दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'यात तयारीची दहा मिनिटे समाविष्ट' असे छापतात. तेच मोठ्या अक्षरांत छापले, तर तक्रारीला जागाच उरणार नाही.

अर्धा_तास_नको:
एक साधा हिशेब लक्षात घ्यावा. तयारीला लागणारी दहा मिनिटे अपॉइंटमेंटच्या लांबीनुसार फारशी बदलत नाहीत. अर्ध्या तासातून ती गेली, तर एक तृतीयांश वेळ गेला. दीड तासातून गेली, तर फक्त एक नवमांश. म्हणजे अर्ध्या तासाच्या दोन भेटींत मिळून चाळीस मिनिटे हाती लागतात, तर एका तासाच्या भेटीत पन्नास.

आखडलेली_मान:
हिशेब पटला. परंतु माझी तक्रार मुख्यतः मानेची आहे आणि पन्नास मिनिटांतला बराचसा वेळ पायांवर जातो. यावर काही उपाय आहे का?

तेलकट_हात:
आहे, आणि माझ्या मते कापल्या गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा हाच मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पाठ, दोन्ही पाय, दोन्ही हात, मान आणि डोके असे सगळे अंग पन्नास मिनिटांत बसवायचे, तर मानेच्या वाट्याला सात-आठ मिनिटांपेक्षा अधिक येत नाहीत. म्हणून विचारपूस चालू असतानाच 'पाय पूर्ण सोडून द्या, सगळा वेळ मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग करा' असे सांगावे. त्याचा कोणालाही राग येत नाही, उलट काम सोपे होते.

वेळेचा प्रश्न टेबलावर नव्हे, तर अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारावा: 'प्रत्यक्ष मसाज किती मिनिटांचा असतो?' आरोग्याचा फॉर्म आधी भरून पाठवता येत असेल, तर तसे करावे आणि नेमलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. ग्राहक उशिरा आला, तर तेवढा वेळ त्याचाच कमी होतो, कारण पुढचा ग्राहक ठरल्या वेळी येणारच असतो. उशीर केंद्राकडून झाला असेल, तर मात्र खोलीत जाण्यापूर्वीच 'माझा वेळ आतापासून धरणार ना?' असे काउंटरवर विचारून घ्यावे, आणि उत्तर नकारार्थी असल्यास दर कमी करण्याची किंवा दुसऱ्या दिवसाची वेळ देण्याची मागणी करावी.