वापरलेल्या ऑइलचा रिपोर्ट: टीबीएन (आम्ल मारण्याची ताकद) चांगला, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) मात्र घसरली. ऑइल बदलू की चालवू?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची. ऑइल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, ७,००० किमी चाललेलं, मधे टॉप-अप नाही. रोजचा वापर चार-पाच किलोमीटरचा, इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी पुन्हा बंद. मॅन्युअलमध्ये १०,००० किमी लिहिलंय. अशा वापरात तो आकडा धरून चालावं का, हे कळावं म्हणून नमुना लॅबला दिला. त्याच कॅनमधलं कोरं ऑइलही दिलं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

रिपोर्ट असा (कंसात कोऱ्या ऑइलचे आकडे):

१०० अंशांना व्हिस्कॉसिटी ८.७ सेंटिस्टोक (१०.९). टीबीएन ४.९ (७.८), टीएएन, म्हणजे ऑइलमधलं आम्ल, २.४ (१.७). फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, १६५ अंश (२२६). लोखंड १४, ॲल्युमिनियम ४, तांबं ५, शिसं १, सिलिकॉन ८ पीपीएम. सोडियम, पोटॅशियम नगण्य.

३० ग्रेडला १०० अंशांना किमान ९.३ लागतं. म्हणजे माझं ऑइल आता २० ग्रेडमध्ये जाऊन बसलंय. पण टीबीएन निम्म्याहून जास्त शिल्लक आहे आणि धातूही कमीच दिसतात. मग ऐकायचं कोणाचं? डिपस्टिकवर पातळी खाली जाण्याऐवजी खुणेच्या किंचित वर आली आहे आणि पुसलेल्या फडक्याला पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो, पुढच्या वेळी सरळ ४० टाकू. टाकावं का? या इंजिनाकडून मला बरीच वर्षं काम घ्यायचं आहे, त्यामुळे अंदाजावर सोडवत नाही.

प्रतिसाद

कोरं ऑइल सोबत दिलंत हे फार चांगलं केलंत. डब्यावरच्या आकड्यांवर विसंबलं की घट नेमकी किती झाली ते कळत नाही.

आधी निकाल: ऑइल बदला. टीबीएन म्हणजे आम्ल मारण्याची उरलेली ताकद. ती तुमच्याकडे आहे, टीएएनही तिच्या बराच खाली आहे, त्यामुळे त्या बाजूने ऑइल थकलेलं नाही. पण बेअरिंगला ऑइलचा पुरेसा जाड थर लागतो, आणि ती तूट टीबीएनच्या शिल्लकीतून भरून निघत नाही. एक आकडा हद्दीबाहेर गेला तरी ऑइल तिथेच संपलं असं मी धरतो.

आता पातळ का झालं? दोन कारणं असू शकतात. व्हिस्कॉसिटी टिकवणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, ज्याला शिअर म्हणतात. नाहीतर पेट्रोल मिसळतं. नुसत्या शिअरने फ्लॅश पॉइंट इतका पडत नाही. तुमचा २२६ वरून १६५ वर आलाय, पातळी चढलीय, वास आहे. मुख्य दोष पेट्रोलचाच. नेमकी टक्केवारी हवी असेल तर लॅबला गॅस क्रोमॅटोग्राफीने काढायला सांगा, फ्लॅश पॉइंटवरून काढलेली टक्केवारी ढोबळ असते.

उलटही होतं, ते लक्षात ठेवा. ऑक्सिडेशन आणि काजळी ऑइल घट्ट करतात, पेट्रोल पातळ करतं. दोन्ही एकदम चालू असलं तर व्हिस्कॉसिटी जागच्या जागी दिसते आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून ती कधीच एकटी वाचू नये.

४० टाकून पेट्रोल येणं थांबणार नाही, तेही पातळच होईल. आधी थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का आणि इंजेक्टर गळतात का ते बघून घ्या. दोन्ही ठीक असतील तर ऑइल ५,००० किमीच्या आत बदलत जा. जाडी वाढवायचीच असेल तर ३० मध्येच एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांना जोराच्या घर्षणाखालची व्हिस्कॉसिटी, ३.५ किंवा जास्त असलेलं ऑइल मिळतं. ३० ग्रेडची किमान अट २.९ आहे. मात्र मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन त्याला चालतंय का ते पाहा.

लोखंड हजार किमीला २ पीपीएम पडतं, त्यात काळजीचं काही नाही. फक्त ही चाचणी काही मायक्रॉनपर्यंतचेच कण पकडते, मोठे तुकडे तिला दिसत नाहीत. जुना फिल्टर कापून घड्या उलगडून उजेडात बघा, चमक दिसली तर इथे फोटो टाका.

धागाकर्ता

मनापासून आभार, थर्मोस्टॅटचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: लांबचा प्रवास करून आल्यावर नमुना घेतला असता तर?

प्रतिसाद

रिपोर्ट बरा दिसला असता. पेट्रोलचा हलका भाग गरम ऑइलमधून उडून जातो, जड भाग मागे राहतो. म्हणून दर वेळी सारख्याच वापरानंतर नमुना घ्या. इंजिन गरम असताना, ड्रेनची पहिली धार सोडून मधल्या धारेतून, कोरड्या बाटलीत. पुढचा रिपोर्ट आला की दोन्ही शेजारी ठेवून टाका इथे.