भीमा आटते ती पावसामुळे की आपल्यामुळे?

भीमाकाठ: भीमेवरचं उजनी धरण उण्यात, म्हणजे वापराच्या साठ्याखाली, गेलं की 'पाऊसच झाला नाही' म्हणून सगळे मोकळे. मला हे पटत नाही. भीमेचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून येतं, सोलापूरच्या आभाळातून नाही. तिथल्या मुळशी, ठोकरवाडी, वळवण या टाटांच्या धरणांचं पाणी विजेसाठी घाट उतरून कोकणात जातं. (जमिनी जाणार म्हणून मुळशीत 1921 मध्ये सत्याग्रह झाला; पाणी गेल्याची बोंब फार उशिरा उठली.) खडकवासल्याचं पुणं पितं. उरलेलं उजनीत, तिथून कालव्यानं उसाला. नदीला काय उरतं?

मिलिमीटर: धरणं तीच, ऊस तोच, पुणंही तेच. 2023 च्या अल निनोत (प्रशांत महासागर तापला की आपल्याकडं पाऊस घटतो तो प्रकार) उजनी भरलं नाही, 2024 च्या उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. त्याच ऑगस्टमध्ये भरलं आणि भीमेत पाणी सोडावं लागलं. मधल्या काळात पावसाशिवाय काय बदललं ते सांगा.

भीमाकाठ: पाऊस बदलला, मान्य. पण तूट कोणी सोसायची हे पाऊस ठरवत नाही. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात 63 च्या आसपास मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. उण्यात जाणं म्हणजे त्या मृत साठ्यात हात घालणं. एवढी वेळ येईपर्यंत मोटारी चालूच कशा राहतात?

माढ्याचा बागायतदार: आला ऊस! उजनीच्या आधी भीमा उन्हाळ्यात दुथडी वाहायची का हो? आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांचं स्नान कित्येकदा उजनीतून सोडलेल्या पाण्यावर होतं. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, कारखाना तोडून नेतो. ज्वारीला असा गिऱ्हाईक दाखवा, उद्या ऊस मोडतो.

काठावरचा: वाळूचं कुणीच बोलेना. पात्रात वाळू होती तोवर झिरा खणला की पाणी लागायचं. आता नुसता खडक आणि खड्डे. यात ना अल निनोचा हात, ना उसाचा.

मिलिमीटर: वाळूबद्दल वाद नाही. पण जुलै कोरडा जातो आणि ऑगस्टच्या चार दिवसांत येवा (धरणात येणारं पाणी) धो धो येतो, तेव्हा धरण आधी भरून ठेवायचं की पुरासाठी जागा राखायची? हा पेच हवामानानं वाढवलाय, शेतकऱ्यानं नाही.

भीमाकाठ: पेच खरा. पण उणे वीस टक्क्यांना उपसा बंद, एवढं तरी आधी ठरवता येईल की नाही?

माढ्याचा बागायतदार: येईल की. पुण्यात घरोघरी नळाला मीटर बसू दे, त्याच दिवशी माझ्या मोटारीचा फ्यूज काढून न्या.