समृद्धी महामार्गावर नेहमी जाणाऱ्या गाडीच्या टायरमध्ये नायट्रोजन भरावा का?

वर्धेकर

नमस्कार. माझ्याकडे पाच वर्षांची पेट्रोलवरची हॅचबॅक आहे. वडिलांवर छत्रपती संभाजीनगरला उपचार चालू असल्यामुळे महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने जावे लागते आणि आई-वडील दोघेही मागे बसलेले असताना टायर फुटण्याची धास्ती मनातून जात नाही.

मागच्या खेपेला, ऐन मे महिन्यात, सकाळी सात वाजता वर्ध्यातच चारही टायरांत ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरून घेतली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर हाच आकडा आहे. दहा वाजता निघालो. मेहकरजवळच्या पंपावर थांबलो तेव्हा तेथील मुलाने हवा तपासली, तर यंत्रावर ३८ दिसले. ‘साहेब, उन्हानं फुगलीय, फुटेल,’ असे म्हणून त्याने ती पुन्हा ३३ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनगरमधील एका टायरच्या दुकानात पाहिले, तर चारही चाकांत २९ दिसले. दुकानदाराचे म्हणणे असे की साधी हवा अशीच फुगते आणि अशीच पळते, नायट्रोजन मात्र फुगतही नाही आणि झिरपतही नाही. चार टायरांचे १६० रुपये घेऊन त्याने नायट्रोजन भरला, वॉल्व्हवर हिरव्या टोप्या बसवल्या आणि यापुढे साधी हवा अजिबात मिसळू नका, असे बजावले. काम पाच मिनिटांत झाले; जुनी हवा काढलेली मला तरी दिसली नाही.

एका रात्रीत चार पीएसआय कमी झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही, पण पटतही नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

फळा-खडू

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तुम्ही आकडे नीट टिपून ठेवले आहेत, म्हणून त्यांवरूनच उत्तर देता येईल.

पंपावरचे यंत्र जो दाब दाखवते तो बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त आहे, एवढेच सांगते. वातावरणाचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. म्हणजे तुमच्या टायरमधला खरा दाब सकाळी ४७.७ होता. सकाळी टायरमधली हवा ३० अंश सेल्सिअस होती आणि भर उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर वेगाने धावून ती ६० अंशांवर गेली असे धरू. वायूच्या नियमात तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून मोजतात; म्हणजे ३०३ चे ३३३ झाले, सुमारे दहा टक्के वाढ. दाबही तेवढ्याच प्रमाणात वाढून ५२.४ होतो, त्यातून १४.७ वजा केले की ३७.७ उरतात. तुमच्या यंत्राने ३८ दाखवले ते यामुळेच. आता त्या गरम अवस्थेत हवा सोडून ३३ केली आणि रात्रभरात टायर पुन्हा ३० अंशांवर आला, की हेच गणित उलटे करून उत्तर २८.७ येते, आणि दुकानात २९ दिसले.

तेव्हा टायर कुठेही गळत नव्हते. हवा रात्री पळाली नाही, ती मेहकरलाच काढून टाकली गेली. चारही चाकांत घट सारखीच आहे, हीसुद्धा त्याचीच खूण आहे, कारण गळती असती तर एखाद्या चाकात जास्त आणि एखाद्यात कमी दाब दिसला असता. या साऱ्या गणितात वायूचे नाव कुठेच येत नाही. नायट्रोजन भरला असता तरी मेहकरला ३८ दिसले असते. मुळात साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मला काळजी वाटते ती मेहकरच्या पुढच्या प्रवासाची. कंपनीने दिलेला ३३ हा आकडा थंड टायरचा असतो आणि धावताना होणारी वाढ त्यात आधीच गृहीत धरलेली असते. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असावी, तेव्हाचे मोजमाप खरे. गरम टायरमधली हवा काढली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्याने रबर आणखी तापते आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. भरलेली गाडी, मे महिना आणि १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला रस्ता असताना कमी हवेचा टायर हाच धोक्याचा असतो. त्या मुलाने मनापासून काळजीने केले असेल, पण पुढच्या वेळी कोणालाही गरम टायरची हवा सोडू देऊ नका.

सातारा टायर

साताऱ्यात बावीस वर्षे माझे टायरचे दुकान आहे, नायट्रोजनचे यंत्रही आहे, म्हणून लिहितो. वरचे उत्तर बरोबर आहे. फक्त एक गोष्ट त्यात यायची राहिली, ती म्हणजे पाणी.

कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते आणि टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून ते काढावे लागते. ज्याने ती आठवडाभर उघडली नाही, त्याच्या नळीतून पावसाळ्यात हवेबरोबर तुषारही येतात. नळीचे तोंड तळहातावर धरून क्षणभर दाबले की हातावर दव पडल्यासारखे दिसते, कधी गंजाचा तांबूस ठिपकाही पडतो; मी गिऱ्हाइकाला आधी हेच करून दाखवतो. असे पाणी टायरमध्ये गेले की उन्हात त्याची वाफ होते आणि ६० अंशांना ती साध्या वाढीवर आणखी दोन-सव्वादोन पीएसआय चढवू शकते. लोखंडी रिम गंजते ती वेगळीच. नायट्रोजन यंत्रातून कोरडा येतो, आणि त्याचा नजरेत भरण्यासारखा फायदा एवढाच. पण पाणी काढलेली कोरडी हवादेखील तेच काम करते.

आता तुमच्या १६० रुपयांबद्दल. आमच्या यंत्रातून साधारण ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन मिळतो. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली तरी वातावरणाच्या दाबाइतकी हवा आत राहतेच, त्यामुळे एकदा भरून टायरमधले प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. त्याहून वर न्यायचे तर पुन्हा रिकामे करून पुन्हा भरावे लागते. तुमच्या टायरमध्ये २९ पर्यंत साधी हवाच होती आणि वरचे चार पीएसआय तेवढे नायट्रोजनचे पडले. त्याचा हिशेब केला तर ७८ टक्क्यांचे जेमतेम ८० टक्के झाले. हिरव्या टोप्या मात्र चार मिळाल्या. आमच्याच धंद्यातल्या माणसाने असे करावे याचे मला वाईट वाटते.

साधी हवा मिसळल्याने टायर खराब होतो, हे पूर्णपणे खोटे आहे, आणि ते घातकही आहे. रात्री रस्त्यात हवा कमी वाटली आणि जवळ नायट्रोजन मिळत नसेल, तर केवळ या भीतीने कोणी तसाच पुढे जाऊ नये. पेट्रोल पंपावर मोफत हवा देणे बंधनकारक आहे, ती बिनदिक्कत भरावी.

धावपट्टी

विमानांच्या देखभालीत काही वर्षे काढली असल्याने नायट्रोजनची बाजू थोडी मांडतो. विमानात तो चैनीसाठी भरत नाहीत. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेल्या मेक्सिकाना कंपनीच्या बोईंग ७२७ विमानात, ब्रेक तापून चाकाच्या खोबणीतला टायर फुटला आणि १६७ जण गेले. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने टायरमधील ऑक्सिजन पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा दंडक घातला. अतितप्त टायरच्या आत रबराची वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आले की आत स्फोट होऊ शकतो, हे त्याचे कारण. मोटारीच्या टायरची तशी अवस्था नेहमीच्या वापरात होत नाही, म्हणून हा दाखला देऊन मोटारमालकाला घाबरवणे योग्य नाही.

झिरपण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, कारण ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट वेगाने निघून जातो. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-नियतकालिकाने ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयवर भरून वर्षभर उघड्यावर ठेवले होते, तेव्हा साध्या हवेचे सरासरी ३.५ आणि नायट्रोजनचे २.२ पीएसआय कमी झाले. वर्षाला १.३ पीएसआयचा हा फरक दर पंधरवड्याला हवा पाहणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. परंतु स्टेपनी सहसा वर्षभर कोणी पाहत नाही, आणि तिच्यात मी स्वतः नायट्रोजनच भरतो, तोही आधी रिकामी करून.

वर्धेकर

सर्वांचे मनापासून आभार. घरी दाब मोजण्याचा गेज आणला आणि कालच्या फेरीत वहीत नोंदी केल्या. पहाटे चारही चाकांत ३३, जालन्याच्या अलीकडे थांबलो तेव्हा ३७ ते ३८. या वेळी कोणालाही हात लावू दिला नाही. आज सकाळी मोजले तेव्हा तीन चाकांत पुन्हा ३३ दिसले, पण डाव्या मागच्या चाकात ३०. ‘फळा-खडू’ यांनी सांगितलेली खूण आठवली आणि ते चाक साबणाच्या पाण्याने धुऊन पाहिले, तर टायरच्या खाचेत बारीक बुडबुडे येत होते. आत चपलेच्या खिळ्याएवढा खिळा रुतलेला होता. पंक्चर काढून शेजारच्या पंपावर साध्या हवेने ३३ करून घेतले. दुकानातल्या मुलाने हिरवी टोपी परत बसवू का, असे विचारले. धूळ जाऊ नये म्हणून ती बसवून घेतली आहे.