मदत हवी आहे: आईच्या जीन रिपोर्टमध्ये एमटॉरचा बिघाड नाही, तरी एव्हरोलिमस?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ. ग्रेड २, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) ६ टक्के, लिव्हरमध्ये गाठी. भाकरी थापताना तिचा चेहरा आणि गळा एकाएकी लालबुंद व्हायचा. परातीच्या काठाला हात टेकून मिनिटभर थांबायची आणि म्हणायची, "गॅसची धग लागली गं." चार वर्षं पाळी जाण्याचा त्रास आणि आयबीएस (आतड्याचा संवेदनशीलपणा) म्हणून गोळ्या चालल्या. केळी, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवून २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवली, फाइव्ह-एचआयएए (अशा गाठीतल्या सेरोटोनिनचा लघवीत उतरणारा अंश) खूप जास्त आलं, मग गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी उजळून दाखवणारा) झाला. तेव्हा कुठे नाव कळलं. ती चार वर्षं मनातून जात नाहीत.

दीड वर्ष दर महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं (संप्रेरकं रोखणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन चालू आहे. जुलाब आणि लाली खूप कमी झाली, पण आता लिव्हरमधल्या दोन गाठी वाढल्यात. डॉक्टरांनी एव्हरोलिमस ही गोळी सुचवलीय. बायॉप्सीच्या ब्लॉकवर एनजीएस (गाठीतल्या जीनची तपासणी) केलं, त्यात फक्त दोन गोष्टी आल्या: सीडीकेएन१बी जीनमध्ये फ्रेमशिफ्ट (जीनची अक्षरं सरकून होणारा बिघाड), आणि १८व्या गुणसूत्राची एक प्रत गायब.

मी वाचलं त्यावरून इलियमच्या ट्यूमरमध्ये हे असंच असतं. १८व्या गुणसूत्राची प्रत निम्म्याहून जास्त रुग्णांत जाते, सीडीकेएन१बी सुमारे ८ टक्क्यांत बिघडतो. हा जीन पी२७ नावाचं प्रथिन बनवतो, ते पेशी विभाजनाला ब्रेक लावतं. नेटवर मात्र बहुतेक माहिती स्वादुपिंडाच्या ट्यूमरची सापडते. तिथे २०११ च्या अभ्यासात ६८ रुग्णांपैकी ४४ टक्क्यांत एमईएन१, ४३ टक्क्यांत डॅक्स किंवा एटीआरएक्स, आणि १४ टक्क्यांत एमटॉर साखळीतले (पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या साखळीतले) जीन बिघडलेले होते. ती आकडेवारी आईला लावायची नाही, हे समजायला मला आठवडा लागला.

खरी अडचण इथे आहे. एव्हरोलिमस एमटॉर अडवतं. जीनमध्ये बिघाड नसतानाही ती साखळी बाहेरून येणाऱ्या वाढीच्या संदेशांनी चालू राहू शकते, हे पटतं. रेडियंट-४ या एव्हरोलिमसच्या चाचणीत गोळीने आजार ११ महिने थांबला, प्लासिबोवर ३.९. पण त्यात कार्सिनॉइड सिंड्रोम (गाठीच्या संप्रेरकांमुळे होणारी लाली आणि जुलाब) असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, आणि आईला तो आहे. तसे रुग्ण आधीच्या रेडियंट-२ चाचणीत होते. तिथे ऑक्ट्रिओटाइडसोबत १६.४ विरुद्ध ११.३ महिने असा फरक दिसला, पण तो ठरलेल्या सांख्यिकी निकषाला थोडक्यात उतरला नाही. शिवाय आईला मधुमेह आहे आणि एव्हरोलिमसने साखर चढते.

दुसरीकडे तिच्या गाठी पेट स्कॅनमध्ये ठळक उजळतात, म्हणजे औषध पकडणारे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर भरपूर आहेत. नेटर-१ चाचणीत आतड्याच्या अशाच रुग्णांत ल्युटेशियमनंतर (त्या रिसेप्टरना चिकटून गाठीला आतूनच किरण देणारं औषध) २० महिन्यांनी ६५.२ टक्क्यांचा आजार वाढलेला नव्हता, नुसत्या जास्त डोसच्या ऑक्ट्रिओटाइडवर १०.८ टक्के. मग ल्युटेशियम आधी का नको, हे डॉक्टरांना कसं विचारू? कुणाच्या घरी असा क्रम ठरला असेल तर कशावरून ठरला, ते सांगा.

आणखी एक. सीडीकेएन१बी जन्मतः बिघडलेला असेल तर एमईएन-४ नावाचा आनुवंशिक आजार होतो, त्यात कॅल्शियम वाढून मुतखडे होऊ शकतात. गाठीच्या तपासणीवरून ते ठरत नाही. आईची रक्तातली जर्मलाइन (जन्मजात जीनची) चाचणी आत्ताच करून घ्यावी का? माझ्या धाकट्या बहिणीला दोनदा मुतखडा झालाय आणि तिचं कॅल्शियम अजून कुणी तपासलेलं नाही.

गुरुवारी ओपीडी आहे. त्याआधी कुणी लिहिलं तर फार आधार होईल.