राजकीय सल्लागार थेट टीव्ही पत्रकार: हे चालतं का?

सात रस्ता:
आपल्या सोलापूरचा एक जण एका नेत्याची भाषणं लिहायचा, माध्यमांचं सगळं बघायचा. आता मुंबईत एका चॅनेलवर रात्रीची चर्चा घेतो. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण मी इथे वार्ताहर आहे, त्याचं जुनं काम जवळून बघितलंय. पत्रकार परिषदेआधी चहाच्या टेबलापाशी येऊन हळूच सांगायचा, "साहेब आज उजनीच्या नव्या पाइपलाइनवरच बोलणार, बाकीचं नको." नळाला पाणी किती दिवसांआड, हा प्रश्न माझ्या वहीत तसाच राहायचा. काल त्याच नेत्याची मुलाखत त्याने घेतली. जुन्या नात्याबद्दल एक शब्द नाही. मला हे अजिबात पटत नाही. मध्ये किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत.

होटगी रोड:
दोन वर्षं त्यानं खायचं काय? अमेरिकेतले टिम रसर्ट हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांचे सल्लागार होते. 1984 मध्ये एनबीसी या टीव्ही चॅनेलवर गेले, 1991 पासून 2008 मध्ये वारेपर्यंत तिथला नेत्यांच्या मुलाखतींचा कार्यक्रम 'मीट द प्रेस' चालवला. नेत्याचं जुनं विधान पडद्यावर दाखवून आजच्या उत्तराशी ताडून बघायचे. उत्तरं कुठे गुळगुळीत केलेली असतात, हे आत राहून आलेल्यालाच कळतं.

बाळीवेस:
मग जॉर्ज स्टेफनॉपुलोसही सांगा. 1996 संपता संपता अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सल्लागाराचं काम सोडलं, एबीसी चॅनेलवर गेले. क्लिंटन यांच्याच संस्थेला, क्लिंटन फाउंडेशनला, त्यांनी दिलेले 75,000 डॉलर 2015 मध्ये उघड झाले. माफी मागितली, क्लिंटन यांच्या विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांच्या वादचर्चेच्या सूत्रसंचालनातून बाजूला झाले. मध्ये अठरा वर्षं गेली होती! दोन वर्षांनी काय होणार?

होटगी रोड:
संजय बारू पत्रकार होते, 2004 मध्ये मनमोहनसिंग यांचे माध्यम सल्लागार झाले. तिकडे जाताना चालतं, मग येतानाच सोवळं का?

सात रस्ता:
कारण तिकडे तो एका माणसाचं काम करतो आणि ते सगळ्यांना माहीत असतं. इकडे तो आपल्या सगळ्यांच्या वतीने विचारतो. बाळीवेस, तुमचं पटलं. वर्षं मोजून उपयोग नाही, मुदतीचं मागे घेतो. पण जुन्या साहेबांची मुलाखत दुसऱ्यानं घ्यावी. आणि पडद्यावर नावाखाली 'पूर्वीचे सल्लागार' हे लिहावंच.

होटगी रोड:
लिहा, मान्य. पण मुलाखत काढून घेऊ नका. पाण्यावर त्या नेत्याला अडवू शकेल असा तोच आहे, सगळी उत्तरं त्यानेच लिहिलीत.

सात रस्ता:
काल अर्धा तास होता त्याच्याकडे. पाण्याचं नावही निघालं नाही.